डिस्का बसल्या की येतो

१२ सप्टेंबर २००४, रविवार

ब्रेक गेला! करूळ घाट उतरताना, निम्म्याच्या खाली. आधी करपल्याचा वास आला. मला वाटलं पुढच्या ट्रकचा. मग वळणावर पाय दाबला तर पाय सरळ खालीच गेला — गाडी थांबायचं नावच घेईना. हँडब्रेक ओढला, डोंगराकडच्या गटारात चाक घातलं, दगडाला घासत घासत थांबली एकदाची. दुसऱ्या बाजूला दरी. तिकडं मी बघितलंच नाही.

पुढच्या दोन्ही चाकांतून धूर. उतरलो. कठड्यावर बसलो. शेजारी एक माकड येऊन बसलं आणि आत्यानं आमच्या धाकट्या रूपालीसाठी दिलेली भडंगाची पिशवी उचलून घेऊन गेलं. 

रूपालीच्या सासरी, वैभववाडीला पोचलोच नाही. गाडी गार झाल्यावर वळवली आणि परत घरी, कोल्हापूरला.

अण्णांनी चेपलेलं दार बघितलं. मला काही लागलंय का ते विचारलं नाही. "गाडी म्हंजे काय पायातलं पायताण वाटलं व्हय रे तुला?"

१३ सप्टेंबर

अण्णांनी कायदा केला. ब्रेक नवीन, चांगले, एक नंबरचे बसल्याशिवाय गाडी घाटात न्यायची नाही.

आणि गाडी नेल्याशिवाय रूपाली कशी येणार? तिला सातवा लागेल आता. पहिलं बाळंतपण माहेरी. आई नाही तरी आत्या आहे, बयाबाई आत्या सगळं करायला तयार आहे. खोली सुद्धा सारवून-रंगवून झाली. एसटीनं आणायचं नाही म्हणून डॉक्टरनं सांगितलंय — तिची कंबर भरून येते, हिसके चालत नाहीत. मी म्हटलं, भाड्याची जीप करू. अण्णा म्हणाले, "दारात गाडी असताना लेकीला भाड्याच्या गाडीतनं आणू? वैभववाडीला काय तोंड दाखवू?"

अण्णांची सगळी नोकरी गुळाच्या ट्रकवर गेली. रिटायर झाले आणि ही जुनी, छोटी आठशे गाडी घेतली. माझ्यापेक्षा तिच्यावर जीव जास्त. खरंच जास्त.

१५ सप्टेंबर

रूपालीचा फोन. लाईनवर नुसता पाऊस ऐकू येत होता.

"दादा, हितं कापडंच वाळत न्हाईत बघ. सासूबाई चांगल्या हाईत. पर मला आपल्या घरी यायचंय."

"डिस्का बसल्या की येतो."

"डिस्का म्हंजे काय?"

चाकाच्या आत लोखंडी ताटली असते, ब्रेक दाबला की दोन्हीकडून पॅड तिला चिमटा घेतात, असं सांगितलं. तर म्हणाली, "बरं बरं. पर आठवा लागायच्या आत ये हां. सासूबाई आठव्यात उंबरा ओलांडू द्यायच्या न्हाईत. दसऱ्याला लागतोय."

दसरा! लई लांब आहे अजून.

१७ सप्टेंबर

उद्यमनगरात पिराजीमामाच्या गॅरेजला गेलतो. मामा अण्णांच्या दोस्तीतला. चाकं काढली. डिस्का निळ्या पडल्यात, वर चरे, वाकल्यात पण. पॅड काचेसारखे गुळगुळीत. ब्रेकचं ऑईल उकळून त्यात बुडबुडे झालेले, म्हणून पाय खाली गेला.

"आता टर्निंगला देऊन वरनं घासून घेण्यात अर्थ न्हाय, पापडागत झाल्यात. साध्या नव्या टाक. ऑईल बदल, पॅड बदल. खेळ खलास." मग मामानं माझ्याकडं बघितलं. "घाटात कुठल्या गिअरात हुतास?"

"न्यूट्रल."

मामानं पाना खाली ठेवला. "मग ती बिचारी डिस्क काय करंल! गाडीचा सगळा भार तिच्या एकटीवर. दुसऱ्या गिअरात उतरायचं, इंजन धरून ठेवतंय. कुणी शिकिवलं तुला न्यूट्रल?"

"अण्णांनी."

मामानं हात पुसले. परत पाना उचलला. "मग मी काय बोलत न्हाय."

अण्णांचं वाक्य मला पाठ आहे — उतार लागला की न्यूट्रल, इंजनाला इसावा आणि मालकाला डिझेल. त्यावर मालकानं त्यांचा एकदा सत्कार केलता. नारळ आणि टॉवेल. टॉवेल अजून कपाटात आहे.

साध्या डिस्का उद्या घालतो म्हटलं.

१९ सप्टेंबर

उद्या कसली! दोस्त संग्राम भेटला. त्याच्या मंडळाचा गणपती, लायटिंगची माळ कुणाला जमेना, मला धरून नेलं. संग्रामच्या गाडीचा सायलेन्सर अख्ख्या राजारामपुरीला ऐकू जातो. त्याच्या चाकात बघितलं — डिस्कांना भोकं! चारी बाजूनं, चाळणीसारखी. चाक फिरलं की नुसती चकाकी.

"येड्या, रेसच्या गाडीला असत्यात ह्या. भोकातनं हवा लागती, गार राहत्यात. तुझ्या त्या ताटल्या घालून काय भाकरी भाजणार हाईस?"

सगळी पोरं हसली. मी पण. पण डोक्यात बसलं. गार राहतात म्हणजे घाटात वास नाही, धूर नाही. रूपाली मागं बसणार. तिच्यासाठी साधं कशाला?

पुण्याहून मागवायच्या. संग्राम विचारतो म्हणाला.

२९ सप्टेंबर

गणपती संपले. संग्रामनं विचारलंच नाही. "अरे राहिलं की."

कान बधिर झालेत अजून.

२ ऑक्टोबर

पुण्याला फोन केला. आठशेच्या मापाच्या भोकाच्या डिस्का येतच नाहीत. त्यांच्याकडं मोठ्या मॉडेलच्या आहेत — जाड, मधे हवेला गाळा असलेल्या. संग्रामच्या ओळखीनं एकाच्या गाडीच्या काढलेल्या मिळाल्या, बघायला आणल्या. लावून बघितल्या तर वरून चाकच बसेना! चाक बारा इंचाचं, आतली वस्तू तेराला असते तशी. मग चाकं बदला, टायर बदला. पिराजीमामा बाजूला बिडी ओढत बघत होता.

"म्हशीची घंटा शेळीच्या गळ्यात. शेळी चालंल कशी?"

परत केल्या. चिडून कळंब्याला जाऊन तळ्यावर बसलो. तळं गच्च भरलंय. पलीकडं जेलची भिंत. एक म्हातारा गळ टाकून बसलता, त्याला म्हटलं, मिळालं का काय? तो म्हणाला, "पावणं, बसायला मिळालं की." मग मी पण बसलो. दिवस गेला.

रूपालीचा फोन येऊन गेलता. आत्यानं घेतला.

५ ऑक्टोबर

आज जमलं! आधी वाटलं नव्हतं.

साध्या डिस्का आणायला म्हणून निघालो. आणल्या पण. येताना स्टँडवर कुरुंदवाडचा टेम्पोवाला ओळखीचा भेटला, चल म्हणाला, संध्याकाळी सोडतो. डिस्का काखेत घेऊन कुरुंदवाडला! नदीच्या घाटावर बसलो, पाणी उतरलंय, पायऱ्यांवर चिखल. टेम्पोवाल्याचा माल उतरायचा होता शिवय्या म्हणून एकाच्या लेथच्या शेडात. शिवय्यानं माझ्या काखेतलं बघितलं. त्याला भोकांच्या डिस्कांचं सांगितलं, हातवारे करून.

"तम्मा," कानडीत धाकट्या भावाला म्हणतात तसं म्हणाला, "भोकंच पाडायची न्हवं? त्यासाठी पुणं कशाला? ड्रिल हाय की हितं."

आणि पाडली! खडूनं खुणा केल्या, गिरमिटासारखं गरागरा ड्रिल चाललं, राखाडी भुकटी सगळीकडं. लोखंडाला वास येतो तो वेगळाच. दोन्ही डिस्का चाळणीसारख्या. संग्रामच्यापेक्षा दोन ओळी जास्त.

रात्री घरी आलो तर अण्णांनी हातात घेऊन बघितल्या. उलट्या-सुलट्या केल्या. "ह्याला एक नंबर म्हणत्यात?"

"रेसच्या आहेत."

"आसंल बाबा." त्यांना काही कळलं नाही, हे माझ्या लक्षात आलं.

८ ऑक्टोबर

मामानं बसवल्या. बसवताना एक शब्द बोलला नाही. हेच वाईट.

१० ऑक्टोबर

ब्रेक दाबला की घुमतंय — घुबड बोलल्यासारखं. स्टिअरिंग हातात थरथरतंय. संग्राम म्हणाला पहिल्यांदा तसं होतं, घासून बसतील. कळंबा रोडला जाऊन जोरात पळवायची आणि जोरात दाबायची, परत पळवायची, परत दाबायची. माणसं दारात येऊन बघत होती. एक बाई म्हणाली, "मुडद्या, कुणाला मारायला निघालास?"

११ ऑक्टोबर

रूपालीचा फोन — "कधी?"

डिस्का बसल्या की.

"मागं बी तेच म्हणालास."

१४ ऑक्टोबर

पॅड किसणीवर किसल्यासारखे झालेत. मामाला दाखवायला गेलो. त्यानं डिस्क काढली, रॉकेलनं पुसली, कोरडी केली आणि वर खडू घासला. पांढऱ्यात हळूहळू काळी रेघ उमटली. भोकापासून भोकापर्यंत. केसासारखी. मग दुसरी. मग मी मोजायचं सोडलं.

"भेग. ही घाटात फुटली असती म्हंजे?"

मी बोटानं पुसून बघितलं. शिवय्यानं कडेच्या लई जवळ भोकं पाडलीत म्हणे, आणि एका ओळीत. मला काय माहीत? दिसायला चांगली दिसत होती.

संग्रामच्या गाडीला पण खडू लावायला सांगितला मामानं. संग्रामनं लावू दिला नाही.

१६ ऑक्टोबर

साध्या डिस्का आता कुठंच नाहीत! खंडेनवमी तोंडावर, गावातल्या झाडून सगळ्या गाड्या गॅरेजला. पूजेआधी ज्याला त्याला गाडी ठीक पाहिजे. दुकानदार म्हणतो, माल दसऱ्यानंतर. इचलकरंजीत विचारलं, तेच. मामाच्या दारात गाड्यांची रांग, त्यात आमची चार विटांवर उभी, चाकं काढलेली.

घरी आत्या विचारते, झाल्या का रे? अण्णा विचारत नाहीत.

२० ऑक्टोबर

नाहीत.

२२ ऑक्टोबर, दसरा

अण्णा सकाळी पांढरा शर्ट घालून विहारात गेले. मी नंतर गेलो, मागं उभा राहिलो. वंदना झाली. आल्यावर अण्णांनी वैभववाडीला फोन लावला, जय भीम झालं, विचारपूस झाली, मग नुसतंच हं, हं. मग त्यांनी रिसीव्हर माझ्याकडं दिला. रूपालीची सासू, धोंडुबाई.

"आठवो लागलो, बाबा. आता खंय नेतलास तिका? नवव्यात ये. सावकाश."

चांगली आहे बाई. आवाजात राग नव्हता. मागं रूपालीचा आवाज आला — मला द्या — पण लाईन तुटली, का ठेवली, कळलं नाही.

अण्णा भिंतीकडं बघत म्हणाले, "आठवा आन् नववा! बाबासाहेबांनी सांगून सांगून जीव टाकला आन् हितं आठव्यावर गाडी अडलीया." मग माझ्याकडं वळले. "त्या बाईला नावं ठिवून काय करू? आठव्याच्या आधी तर सातवा हुता."

२७ ऑक्टोबर

साध्या डिस्का आल्या. मामानं बसवल्या, पॅड नवे, ऑईल नवं. पहिल्या दिवशी हळूहळू दाबायचं, तापू द्यायचं, निवू द्यायचं, दूध सायीला ठेवल्यासारखं, असं मामा म्हणाला. केलं. ब्रेक असा लागतो की काय सांगू — पाय ठेवला की गाडी ऐकते. आवाज नाही. थरथर नाही. दीड महिन्यापूर्वी दुकानात सहज मिळत होत्या त्या ह्याच!

अण्णांना फिरवून आणलं. रंकाळ्याला एक चक्कर. "बरं हाईत," म्हणाले. त्यांच्या तोंडून बरं म्हणजे लई झालं. मला तिथंच थांबायला पाहिजे होतं. पण मी म्हटलं, "ब्रेक जुन्या डिस्कांमुळं गेलाच नव्हता. न्यूट्रलमुळं गेला. तुमच्या."

"आरं मी तीस वरसं उतरलोय!"

"तुमचा ट्रक होता. हवेचे ब्रेक."

"मग तवाच का न्हाय सांगितलंस?"

 ते टॉवेलाचं आठवलं म्हणून नाही सांगितलं, असं कसं बोलू. अण्णा घरी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होते. उतरताना दार हळू लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

२९ ऑक्टोबर

घरात बसवत नाही. अण्णा बोलत नाहीत. गाडी दारात उभी, ब्रेक एक नंबर, आणि जायचं कुठं? नवव्यापर्यंत नुसतं बसायचं? इचलकरंजीत केरबा आहे, आधी आम्ही दोघं एकाच शेडात कापडाच्या मागावर होतो. दिवाळीआधी रात्रपाळीला माणसं कमी आहेत म्हणतोय. जातो. चार दिवस.

५ नोव्हेंबर

इचलकरंजी. मागाच्या खडखडाटात विचार येत नाहीत हे एक बरं. केरबाचं लग्न ठरलंय, पोरगी त्याला पसंत नाही, त्याला ती पसंत नाही असं पोरीला कळलंय, तरी ठरलंय. त्यावर आम्ही हसलो. शेजारच्या मागावरचा बिहारी गडी पण हसला, न कळता.

घरी फोन करायचा राहिला. उद्या.

११ नोव्हेंबर

घराला कुलूप.

सकाळी इचलकरंजीहून आलो, हातात आत्यासाठी साडी. गल्लीत सगळ्यांच्या दारात आकाशकंदील. आमची गाडी दारात, तिच्यावर धूळ. शेजारची झुंबरबाई ओट्यावर तळलेल्या चकल्या निवत घालत बसली होती. मला बघून उठलीच.

"कुठं हुतास रं? अण्णासो आन् बयाबाई परवाच गेली कोकणात. एसटीनं. पोरीच्या पोटात दुखाय लागलं म्हणून फोन आल्ता. किल्ली हाय माझ्याकडं. गाडीची बी हाय. तुझी वाट बघितली दुपारपातूर."

अण्णा स्वतः का नाही घेऊन गेले? विचारलं मी. तिलाच विचारलं!

"म्हणालं, माझा आता घाटात पाय चालायचा न्हाय."

साडी तिच्याच ओट्यावर राहिली.

११ तारीख, रात्र, वैभववाडी

दुसऱ्या गिअरात उतरलो. इंजन ओरडत होतं, गाडी धरून ठेवत होतं. वळणावर नुसता पाय टेकवला की थांबते. डिस्का गार. खाली उतरून हात लावून बघितला — खरंच गार. एक क्षण बरं वाटलं. तो क्षण लिहायला नको होता पण लिहिला.

अंगणात अण्णा बसले होते, टोपी मांडीवर. मी पुढं जाऊन उभा राहिलो.

"मुलगा हुता," म्हणाले. "लई बारका. काल सकाळपर्यंत हुता. डॉक्टर काचेच्या पेटीत ठिवाय पाहिजे म्हणालं, पेटी हितं न्हाय, पुढं न्यायला लागंल. वाटंतच गेला."

कोल्हापुरात असतं पेटीचं. हे कुणी बोललं नाही. आत्या आतून बाहेर आली, माझ्याकडं बघितलं आणि पदर तोंडाला लावून परत आत गेली.

रूपाली भिंतीकडं तोंड करून झोपलेली. झोपलेली नव्हती. सूरज दाजी दारात उभे. त्यांनी मला पाणी दिलं. धोंडुबाई चुलीपुढं, लाकूड आत सारताना एवढंच म्हणाली, "मियाच सोडूक होयी हुतां तिका. कसलो आठवो न् काय."

तिला वाटतंय तिच्यामुळं. अण्णांना वाटतंय त्यांच्यामुळं. मी तांब्या घेऊन उभा.

१४ नोव्हेंबर

रूपाली बोलत नाही. जेवते. कुणी उठ म्हटलं की उठते.

अण्णा गाडीजवळ जात नाहीत.

२१ नोव्हेंबर

रूपालीला घरी आणलं. धोंडुबाईनंच घेऊन जा म्हटलं. अण्णा पुढं, ती मागं, आत्याच्या मांडीवर डोकं ठेवून. करूळ लागला तसं अण्णांनी डॅशबोर्डला हात धरला. मी हळू चालवली. वर गगनबावड्याला चहाला थांबलो. काच खाली केली, तेव्हा ती पहिल्यांदा बोलली, खालच्या रस्त्याकडं बघत —

"दादा, मला आणायचं म्हंजे सगळा चढच की रे. ब्रेक कुठं लागला?"